तिला हर्पीस आहे, पुढं जाऊ का?

प्रश्न: फुटाळा तलावावर बसलो होतो, कणीस तसंच हातात धरून ती बोलली की तिला ३ वर्षांपासून जेनिटल हर्पीस (गुप्तांगावर फोड आणणारा व्हायरस) आहे. आवडते यार, पण गूगल करून करून डोकं फिरलंय. – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: अरे, तिनं आधीच सांगितलं, किती जण सांगतात? व्हायरस कायमचा जात नाही, नसांमध्ये झोपून राहतो अन् मधूनच उठतो. फोड आले किंवा आधीची झिणझिण, जळजळ सुरू झाली की संबंध बंद. फोड नसतानाही लागू शकतो म्हणून कंडोम नेहमीच, तरी रिस्क शून्य होत नाही बरं. तिनं रोज व्हॅलासायक्लोव्हिर (व्हायरस दाबून ठेवणारी गोळी) घेतली तर तुला लागायचा चान्स जवळपास निम्म्यावर येतो, पण हे दोघांनी जाऊन स्किनच्या डॉक्टरला विचारा, मेडिकलवाल्याला नाही. एका प्लेटीत तर्री पोहे खाऊन जेनिटल हर्पीस होत नाही, खुशाल खा.