आधी गॅप, मग टायमिंग

प्रश्न : वडिलांची १९७८ ची पेट्रोल अँबॅसिडर आहे, १४८९ सीसीची. नुकतेच सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) नवे टाकले. तेव्हापासून यवतेश्वरचा घाट चढताना इंजिन खडखडतं, हायवेला वेग घेतला की मिसिंग करतं आणि हँडल मारलं तर उलटा झटका देतं. मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) फिरवून पाहिला, आता कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदला म्हणतो. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कॉइलचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तिन्ही तक्रारी पॉइंट बदलल्यावर सुरू झाल्या, तेव्हा माझा पहिला संशय गॅपवर, म्हणजे उघडलेल्या पॉइंटमधल्या फटीवर. गॅप जास्त राहिला की पॉइंट लवकर उघडतात आणि स्पार्क वेळेआधी पडतो. मग घाटात नॉकिंग (तुमची ती खडखड) होणार आणि हँडल उलटं मारणार. (हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवत जा, मनगट मोडायचं नसेल तर!) शिवाय पॉइंट मिटलेले राहायला वेळ कमी मिळतो, म्हणून वेगात कॉइल पुरती भरत नाही. तुमचं मिसिंग ते हेच. गॅप न मोजता नुसत्या कानावर डिस्ट्रिब्युटर फिरवणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या, मधल्या फिरत्या दांड्याच्या) उंचवट्यावर आणा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, गॅप ठेवा. कॅमला ग्रीसचा नुसता हात लावा. कोरडा राहिला तर टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, मागे पडतं. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला बसतेच, त्यामुळे पाचेकशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा बघा.

टायमिंग त्यानंतरच. रेडिएटरकडचा एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर (पिस्टन मिश्रण दाबत वर येताना) आणून पुलीची खाच मॅन्युअलमधल्या तुमच्या इंजिनाच्या आकड्यावर लावा. १२ व्होल्टचा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करा. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर रोटर फिरतो त्या दिशेने वळवा, बल्ब विझेल. आता अगदी सावकाश उलटा आणा. बल्ब पेटला, पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळा. स्विच लगेच बंद करा, उगाच कॉइल तापते.

चाचणीला यवतेश्वरसारखा घाट नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल दाबा. जरा टिकटिक होऊन थांबली तर चालेल. खडखड चालूच राहिली तर डिस्ट्रिब्युटरवरचा छोटा खाचांचा नट ‘आर’ (रिटार्ड, म्हणजे स्पार्क उशिरा) खुणेकडे थोडा फिरवा.

एवढं करूनही वेगात मिसिंग राहिलं तर आधी कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यातली ठिणगी आवरणारा भाग) बदला. कॉइलपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, आणि पॉइंटची तोंडं जळून निळसर पडत असतील तर बहुधा चोर तोच.