तंत्रशंका : टॅब गावोगावीच राहू देऊन सर्व्हर कसा बदलावा?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या शेतकी विभागात चिटबॉयकडे (गावोगावी ऊसनोंद करणारे कर्मचारी) २२५ अँड्रॉइड टॅब आणि अधिकाऱ्यांकडे ११ आयपॅड आहेत. ऊसनोंदीचे अ‍ॅप चढवणे, हरवलेला टॅब बंद करणे ही कामे ज्या एमडीएम (मोबाइल उपकरणांचे व्यवस्थापन) सर्व्हरवरून होतात, तो २०१४ साली घेतलेला असून त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. नवे यंत्र व नवी विंडोज आली आहे. परंतु पुरवठादाराचा माणूस म्हणतो की, सगळे टॅब कारखान्यावर मागवून, पुसून, पुन्हा नोंदवावे लागतील. गळीत हंगाम तोंडावर आला आहे. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : मार्ग आहे, आणि तो तुलनेने सोपाही आहे. टॅबला तुमचे यंत्र ठाऊक नसते. नोंदणीच्या वेळी सांगितलेले सर्व्हरचे पूर्ण नाव, त्या नावाची खात्री पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र आणि डेटाबेसमधील स्वतःची नोंद एवढ्यावरच त्याचा सगळा व्यवहार चालतो. या तीन गोष्टी जशाच्या तशा नव्या यंत्रावर गेल्या, तर सर्व्हर बदलल्याचे टॅबला कळतही नाही. नव्या यंत्राला नवे नाव देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आयपॅडमधील नोंदणीत लिहिलेला सर्व्हरचा पत्ता नंतर बदलता येत नाही.

जुनी विंडोज तशीच चालू ठेवण्यात अर्थ नाही, आणि जुन्याच यंत्रावर नवी चढवण्याचा सल्लाही मी देणार नाही. २०१२ आर२ चे नियमित समर्थन १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले असून पैसे मोजून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. आणि जुन्या यंत्रावर नवी चढवताना काही बिघडले, तर परतीची वाट उरत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन खाती कोणाच्या नावावर आहेत ते पाहावे. आयपॅडला हाक मारण्यासाठी लागणारे अ‍ॅपलचे पुश प्रमाणपत्र एक वर्षाचे असते आणि त्याचे नूतनीकरण त्याच अ‍ॅपल आयडीतून करावे लागते. नव्या आयडीतून नवे काढले, तर अकराही आयपॅड पुन्हा नोंदवावे लागतील. जालन्यातील एका कार्यालयात हा आयडी नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खासगी मेलवर निघाला, आणि सर्व्हर हलवण्यापेक्षा त्या गृहस्थांना गाठण्यातच आमचे जास्त दिवस गेले. अँड्रॉइडची नोंदणीही अशीच गूगलच्या एका खात्याला बांधलेली असते. ती जोडणी नव्या सर्व्हरवर ‘नव्याने करा’ असे कोणी सुचवले, तर स्पष्ट नकार द्यावा.

आता प्रत्यक्ष काम. एमडीएमची जी आवृत्ती जुन्या सर्व्हरवर आहे, तीच नव्यावर बसवून (ती नव्या विंडोजवर चालत नसेल, तर आधी जुन्यावरच अद्ययावत करून) डेटाबेसचा बॅकअप तेथे उतरवावा. प्रमाणपत्र खासगी किल्लीसह (त्याच्या जोडीची गुप्त फाइल) न्यावे लागते. किल्ली बाहेर काढता येत नसेल, तर त्याच नावाचे प्रमाणपत्र नव्याने घ्यावे. येथे एक फसगत होते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या टॅबना सहसा मान्य होत नाही आणि असे टॅब काही न बोलता संपर्क तोडतात. तुमच्याकडे तसे किती आहेत, हे जुन्या सर्व्हरच्या यादीतच दिसेल. फायरवॉलमध्ये नव्या यंत्राला अ‍ॅपलच्या पुश सेवेसाठी बाहेर जाणारे २१९७ किंवा ४४३ पोर्ट खुले हवे.

चाचणीसाठी कार्यालयातील एका वायफायच्या डीएनएसमध्ये (नावावरून यंत्राचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, सांगणारी सेवा) तेच नाव नव्या आयपीकडे वळवावे आणि दोन शिल्लक टॅब सिम काढून त्यावर जोडावेत; सिम राहिले, तर टॅब मोबाइल डेटावरून गुपचूप जुन्या सर्व्हरला भेटून येतो आणि चाचणी यशस्वी झाल्याचा भ्रम होतो. एखादे अ‍ॅप चढवून पाहावे, स्क्रीन कुलूपबंद करून पाहावी. त्यानंतर चाचणीचा डेटाबेस टाकून द्यावा, कारण मधल्या काळातील बदल त्यात नसतात.

ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (मिळालेला पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावा. त्या रात्री जुनी सेवा बंद करून, अखेरचा बॅकअप नव्यावर उतरवून, मगच नाव नव्या आयपीकडे वळवावे. रेंज नसलेल्या शिवारातील टॅब दोन-चार दिवसांनी संपर्कात येतील, त्यासाठी घाई करू नये. पंधरवड्यानंतर ‘शेवटचा संपर्क’ हा रकाना जुन्या यादीशी ताडून जे उरतील, तेवढेच टॅब मागवावेत.

जुने यंत्र महिनाभर पुसू नये, पण त्याची नेटवर्कची वायर उपसून ठेवावी. वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक सर्व्हरमध्ये असते. भारनियमनानंतर जुना सर्व्हर जुन्या आयपीवर जागा झाला, तर जुना पत्ता अजून धरून बसलेले टॅब तिकडे जाऊ लागतील आणि नोंदी दोन्हीकडे विभागल्या जातील.