जर्मनीत मुलांची औषधं: राजारामपुरीतल्या वहिनींना उत्तर

वहिनी, तुमचा प्रश्न वाचला. भाऊंना स्टुटगार्टजवळच्या फाउंड्रीत नोकरी लागली, थोरली पाच वर्षांची आणि तिला दमा, धाकटा अजून रांगतोय. एक जण म्हणतो तिकडं मुलांची औषधं फुकट, दुसरा म्हणतो वर्षभराची बांधून न्या, तिकडं साधं तापाचं औषध मिळायची मारामार. मी इथं जर्मनीतच राहते, माझी दोन मुलं इथंच वाढतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

औषधं फुकट मिळतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि सरकारी विमा असेल तर. हे दोन्ही सांभाळलं की पैशाचा प्रश्न जवळजवळ संपतो.

आधी विमा. भाऊ नोकरीवर रुजू झाले की त्यांना एक 'क्रांकनकासे' निवडावी लागेल, म्हणजे सरकारी नियमांखाली चालणारी आरोग्य विमा संस्था. टेक्निकर, आओके वगैरे बऱ्याच आहेत. मूळ हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, वर त्या-त्या संस्थेचा थोडा जादा, आणि दोन्ही मिळून निम्मं कंपनी भरते. तुम्हाला स्वतःची कमाई नसेल तर तुम्ही आणि दोन्ही मुलं त्याच हप्त्यात, वेगळा पैसा नाही. मात्र हे आपोआप होत नाही, फॉर्म भरून द्यावा लागतो. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले जर्मन भाषांतरासह तयार ठेवा. महापालिकेतून दाखला काढायला किती खेटे पडतात ते तुम्हाला माहीतच आहे, आजच सुरू करा.

इथं एक सावधगिरी. पगार मोठा असला (२०२५ साली वर्षाला ७३,८०० युरोच्या वर) तर खासगी विम्याचीही मुभा मिळते, आणि एजंट लोक "हप्ता कमी, डॉक्टर लवकर" म्हणत मागं लागतात. एकट्या माणसाला परवडेल कदाचित. तुम्हाला नाही. खासगीत प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा, थोरलीचा दमा बघून तो आणखी चढणार, औषधाचं बिल आधी खिशातून भरून मग मागत बसायचं, आणि एकदा गेलं की परत सरकारीत येणं फार अवघड. माझं स्पष्ट मत, भाऊंना त्या वाटेला जाऊच देऊ नका. व्हिसासाठी काढाल तो प्रवास विमाही वेगळीच चीज आहे, आधीपासूनचा दमा त्यात बहुतेक धरत नाहीत. तो फक्त इथं राहायला येऊन क्रांकनकासेत नाव लागेपर्यंतचा आधार समजा.

आता औषधाच्या दुकानाचं. त्याला इथं 'आपोटेके' म्हणतात. मोठ्या माणसाला चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागं किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो. १८ वर्षांखालच्या मुलांना तेही माफ. गेल्या हिवाळ्यात धाकट्याचा कान दुखायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिक लिहून दिलं. कागद हातात काहीच नाही. २०२४ पासून चिठ्ठी ऑनलाइन जाते आणि विम्याचं कार्ड यंत्रात घातलं की दुकानात दिसते. काउंटरवरच्या बाईनं बाटलीतल्या भुकटीत खुणेपर्यंत पाणी घालून हलवून दिलं, खोक्यावर पेननं १-०-१ लिहिलं, म्हणजे सकाळी आणि रात्री, आणि हसून "गुटे बेसरुंग", म्हणजे लवकर बरं वाटू दे, म्हणाली. पाकीट उघडायची वेळच आली नाही.

आपल्याकडं जनता बाजार चौकात रिकामी पट्टी दाखवली की अँटिबायोटिक मिळतं, ते इथं विसरा. पॅरासिटामॉल, तापाचं सिरप, नाकाचे थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात, पण स्वतःच्या पैशानं. गंमत अशी की १२ वर्षांखालच्या मुलाला तेच डॉक्टरांनी सरकारी विम्याच्या चिठ्ठीवर लिहून दिलं तर तेही फुकट. त्यामुळं दवाखान्यात गेलात की तापाचं सिरप आणि थेंबही लिहून मागा, कुणी नाक मुरडत नाही.

कधीकधी मुलाच्या औषधालाही थोडे पैसे मागतात. विमा संस्था काही औषधांना ठरावीक किमतीपर्यंतच पैसे देते, कंपनीची किंमत त्यावर असली तर वरचा फरक आपल्यावर. अशा वेळी जादा पैसे न लागणारं दुसऱ्या कंपनीचं तेच औषध आहे का, एवढं विचारा. बहुतेकदा असतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात इथं मुलांच्या तापाच्या सिरपचा खरोखरच तुटवडा पडला होता, "मिळत नाही" ही बातमी बहुधा तेव्हाचीच फिरतेय. त्यानंतर मुलांच्या बऱ्याच औषधांवरचं हे किमतीचं बंधन कायद्यानं उठवलं.

थोरलीच्या दम्याचं म्हणाल तर पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) दोन्ही चिठ्ठीवर मिळतात. पण इथल्या डॉक्टरांना अस्थालिन, बुडेकॉर्ट ही आपल्याकडच्या कंपन्यांची नावं ओळखीची नसतील. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात साल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड अशी मूळ नावं, डोस, आणि दम्याचा झटका शेवटचा कधी आला ते असू दे. वर्षाची औषधं अजिबात आणू नका. स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची चालतात, मूळ खोक्यात आणि हातातल्या बॅगेत ठेवा. लसीकरणाचं कार्डही घ्या, गोवराची लस झाल्याचा पुरावा नसेल तर बालवाडीत घेत नाहीत.

खरी अडचण औषधाची नाही, डॉक्टर मिळण्याची आहे. बालरोगतज्ज्ञांचे बरेच दवाखाने भरलेले असतात आणि नवीन पेशंट नाही म्हणून सरळ सांगतात. तेव्हा घर पक्कं झालं की सामान लावायच्या आधी जवळचे चार-पाच दवाखाने गाठा, जमल्यास समक्ष जा. नाहीच जमलं तर ११६११७ हा नंबर आहे, तिथून वेळ मिळवून देतात, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तरी तोच फिरवायचा. रविवारी आपोटेके बंद असतात, पाळीनं एखादंच उघडं असतं, त्याचा पत्ता प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेला असतो. रविवारी दिवसभर आणि रोज रात्री आठनंतर तिथं अडीच युरो जादा घेतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तातडीची खूण केली असेल तर तेही नाही.

भाऊंचं करारपत्र आलं की पगाराचा आकडा कळवा, विम्याचं त्यावरून नेमकं सांगते.