अँग्युलर आणि अँग्युलरजेएस हे टॅग एकत्र करावेत का?

तुमचं म्हणणं असं की स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर नवखे लोक ‘अँग्युलर’ आणि ‘अँग्युलरजेएस’ या टॅगांमध्ये (प्रश्नाचा विषय दाखवणाऱ्या खुणांमध्ये) सतत गल्लत करतात, तर एकाला दुसऱ्याचा समानार्थी करून टाकावं. माझा याला ठाम विरोध आहे.

अँग्युलरजेएस म्हणजे गूगलच्या वेब चौकटीची (फ्रेमवर्कची, म्हणजे वेब ॲप बांधायच्या तयार सांगाड्याची) २०१० पासूनची १.x आवृत्त्यांची मालिका. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर २ मुळापासून नव्यानं लिहिलेलं होतं. ‘स्कोप’ (पान आणि कोड यांच्यात डेटा जोडणारा दुवा) गेला, टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवर आधारलेली भाषा) आलं, सगळी मांडणी कंपोनंटवर (पानाच्या स्वतंत्र तुकड्यांवर) गेली. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कोडमध्ये चिकटवलं तर चालतच नाही. जुन्याचा अधिकृत सपोर्ट आता संपलाय, पण त्यात लिहिलेली सॉफ्टवेअर्स सांभाळणाऱ्यांना ती जुनी उत्तरं वेगळी सापडायलाच हवीत.

समानार्थी ठरवताना मी एवढंच बघतो: एका टॅगखालचं उत्तर दुसऱ्या टॅगखालच्या प्रश्नाला जसंच्या तसं लागू पडतं का? ‘जेएस’ आणि ‘जावास्क्रिप्ट’, ‘गोलँग’ आणि ‘गो’ यांना पडतं. ‘अँग्युलर२’ हा ‘अँग्युलर’मध्ये गेला तेही योग्यच झालं, कारण मार्च २०१७ मध्ये तीन वगळून थेट आवृत्ती ४ आली, चौकट तीच राहिली, नावातला दोन मात्र निरर्थक झाला. पायथन या भाषेच्या आवृत्ती २ आणि ३ चं तसं नाही. तिथे प्रिंट, स्ट्रिंग, पूर्णांकांचा भागाकार, सगळंच बदललं.

समानार्थी टॅग गुपचूप काम करतो, हे लक्षात घ्या. माणूस एक टॅग लिहितो, प्रश्नावर दुसराच लागतो, आणि बऱ्याचदा त्याला ते कळतही नाही. मॉडरेटरनं (साइटची देखरेख करणाऱ्यानं) पुढे जुने प्रश्नही मर्ज केले, म्हणजे एकाच टॅगखाली आणले, तर कुठला प्रश्न मूळ कुठल्या टॅगचा होता हे नंतर वेगळं काढता येत नाही. समानार्थी टॅगच्या प्रस्तावासाठी २,५०० रेप्युटेशन (साइटवर मिळवलेले एकूण गुण) आणि त्या टॅगमधल्या उत्तरांवर किमान ५ गुण लागतात, ते याचसाठी, आणि मला ती अट रास्त वाटते. छोट्या टॅगांत मात्र इतके गुण असलेली माणसंच नसतात, त्यामुळे प्रस्ताव नुसते पडून राहतात. तिथे मेटावर, म्हणजे साइटबद्दलच्या चर्चेच्या वेगळ्या विभागात, उदाहरणांसह मुद्दा मांडावा. मॉडरेटर थेट निर्णय घेऊ शकतात.

तुमच्या प्रकरणात खरा उपाय टॅगच्या छोट्या माहितीत आहे. टॅग टाइप करताना खाली तीच दिसते. लोक तिथे ‘ही गूगलची वेब चौकट आहे’ असलं काहीतरी लिहून जागा घालवतात. पहिलंच वाक्य असं हवं: ‘आवृत्ती २ आणि पुढच्यांसाठी, १.x साठी अँग्युलरजेएस वापरा.’ सुधारणा तुम्हीच सुचवा. त्यानंतर चुकीच्या टॅगचे प्रश्न थोडे थोडे करून दुरुस्त करा, एकदम शेकड्यानं नको. प्रत्येक संपादनानं जुना प्रश्न पुन्हा वर येतो आणि नवे प्रश्न खाली ढकलले जातात.