सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन का, आणि त्या दिवशी ऑफिसच्या पार्टीला मोठी टोपी घालून, खोट्या मिशा लावून गेलं तर चालेल का. दोन्हींना माझं उत्तर 'नाही' आहे.

स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. १८१० साली त्या पहाटे मिगेल इदाल्गो या धर्मगुरूंनी दोलोरेस गावात घंटा वाजवून लोकांना स्पेनविरुद्ध उठवलं. 'सिंको दे मायो' म्हणजे नुसतं 'पाच मे', आणि ही तारीख एका लढाईची आहे.

मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियात राहते. सुरुवातीला माझाही तुमच्यासारखाच गैरसमज होता. तो शेजारच्या आजींनी दूर केला. त्या मूळच्या पुएब्ला शहरातल्या, आणि लढाईही तिथलीच.

यादवीमुळे मेक्सिकोची तिजोरी रिकामी झाली होती. जुलै १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांनी परदेशी कर्जाची फेड दोन वर्षांसाठी थांबवली. वसुलीसाठी इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्सचं आरमार व्हेराक्रूझ बंदरात येऊन उभं राहिलं. पहिले दोघं बोलणी करून परत गेले. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला मात्र कर्जापेक्षा देशच हवा होता.

त्याचे सुमारे ६,००० सैनिक राजधानीकडे निघाले. वाटेत पुएब्लाला जनरल इग्नासिओ सारागोसा यांची जेमतेम ४,००० माणसं होती. जुनी हत्यारं, बरेचसे शेतकरी आणि डोंगरातले आदिवासी. ५ मे १८६२ ला फ्रेंच सेनापतीने लोरेतो आणि ग्वादालूपे या टेकडीवरच्या किल्ल्यांवर समोरून हल्ले चढवले. एकामागून एक हल्ले परतवले गेले. दुपारी धो धो पाऊस आला, उतारावर चिखल झाला आणि फ्रेंच सैन्य मागे हटलं.

युद्ध तिथे संपलं नाही, हे फार कमी जण सांगतात. चारच महिन्यांत सारागोसा तापाने गेले, वय अवघं ३३. पुढच्या वर्षी दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर पुएब्ला पडलं, मग राजधानीही. फ्रेंचांनी ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनला सम्राट म्हणून बसवलं. १८६७ मध्ये हुआरेझ यांच्या सैन्याने त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे त्यांचं प्रजासत्ताक परत आलं.

मग हा सण अमेरिकेत इतका मोठा का? मला यातला सगळ्यात हलवून टाकणारा भाग हाच वाटतो. त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी चालली होती. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांना दक्षिणेतले गुलामांचे मालक आणि नेपोलियन एकाच माळेचे मणी वाटत होते. पुएब्लाची बातमी कोलंबिया नावाच्या सोन्याच्या खाणींच्या गावात पोचली, तेव्हा तिथल्या मेक्सिकन खाणकामगारांनी बंदुकीचे बार काढले, गाणी म्हटली, उत्स्फूर्त भाषणं केली. सण इथे तेव्हापासून आहे. १९६० नंतर चिकानो चळवळीतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांसाठीच्या चळवळीतल्या, तरुणांनी तो नव्याने उचलून धरला. बिअर कंपन्या त्यात उतरल्या त्या १९८० च्या दशकात, आणि टोप्या-मिशांची पार्टी त्या जाहिरातींच्या मागोमाग पसरली. सारागोसांचा जन्म आजच्या टेक्सासमधला, त्यामुळे इथल्या लोकांना ते घरचेच वाटतात.

मेक्सिकोत बाकी ठिकाणी हा दिवस तसा शांत जातो. पुएब्लात मात्र मोठं संचलन निघतं. मेक्सिको सिटीतल्या पेन्योन दे लोस बान्योस वस्तीत लोक लढाईच उभी करतात: तोंडाला काजळी फासलेले आदिवासी सैनिक, समोर गणवेशातले 'फ्रेंच', आणि दिवसभर बारुदाचा धूर.

आमच्या शेजारच्या आजी त्या दिवशी मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, करतात. मिरच्या तळून भिजत घालायच्या, तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग वेगवेगळं भाजायचं, मग वाटण, आणि शेवटी चॉकलेट. त्यांच्याकडे आईचा दगडी मेताते आहे, थेट आपला पाटा-वरवंटाच. थोडं तरी त्यावर वाटतातच. पहिल्यांदा मी वरवंटा हातात घेतला तेव्हा माझ्या हाताची सवय बघून त्या म्हणाल्या, "मिहा, हे तुला कोणी शिकवलं?" मिहा म्हणजे पोरी. मी म्हटलं, माझ्या आजीने.

म्हणून टोपी-मिशा राहू द्या. तो वेष बघून मान खाली घालणारी मेक्सिकन माणसं मी पाहिली आहेत. जवळच्या एखाद्या मेक्सिकन सांस्कृतिक केंद्रात त्या दिवशी लोकनृत्य असेल, तर मुलांना घेऊन जा. ऑफिसात कोणी पुएब्लाचं असेल, तर लढाईबद्दल विचारा. जेवायला नक्की बोलावतील.