एक्सएम आणि सिरियसच्या विलीनीकरणाबद्दल गुंतवणूकदार इतके साशंक का होते? माझ्याकडे अशाच सौद्यातल्या एका कंपनीचे शेअर आहेत.

शंका होती ती सरकार परवानगी देईल का, याची. एकत्र येण्याचा फायदा बहुतेकांना पटला होता. अमेरिकेत सॅटेलाइट रेडिओच्या, म्हणजे वर्गणी घेऊन उपग्रहावरून कार्यक्रम ऐकवणाऱ्या, या दोनच कंपन्या, दोघीही तोट्यात, आणि एकमेकींवर कुरघोडी करण्यात पैसा जाळत होत्या. सिरियसने लोकप्रिय रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्नला पाच वर्षांसाठी सुमारे 50 कोटी डॉलर कबूल केले, तर एक्सएमने बेसबॉलच्या प्रक्षेपणासाठी 11 वर्षांचे 65 कोटी. ही बोली थांबली तरी पुष्कळ, असा हिशेब होता. (आपल्याकडे वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचे रिसीव्हर घेतलेल्यांना हा धंदा आठवत असेल, एक्सएममध्ये सुरुवातीला त्याच कंपनीचा पैसा होता.)

फेब्रुवारी 2007 मध्ये सौदा जाहीर झाला: एक्सएमच्या एका शेअरमागे सिरियसचे 4.6 शेअर, म्हणजे तेव्हाच्या भावापेक्षा साधारण 22 टक्के जास्त. तरीही एक्सएमचा भाव त्या गुणोत्तराने येणाऱ्या किमतीपेक्षा बराच खाली राहिला. ही तफावतच बाजाराचं खरं मत असते: सौदा होईल याची खात्री नसली की ती रुंदावते. कारणही सबळ होतं: 1997 मध्ये सरकारने या दोघींना परवाने देतानाच, एकीने दुसरी ताब्यात घ्यायची नाही, अशी अट घातली होती. जुन्या रेडिओ केंद्रांची संघटनाही विरोधात उभी होती. सिरियसचे प्रमुख मेल कारमाझिन म्हणत राहिले की आमची स्पर्धा आयपॉड, इंटरनेट आणि साध्या एफएमशीही आहे, म्हणजे मक्तेदारी होणार नाही. मार्च 2008 मध्ये न्याय खात्याने हरकत घेतली नाही. जुलैअखेर रेडिओचे परवाने देणाऱ्या दळणवळण आयोगाने 3 विरुद्ध 2 मतांनी होकार दिला.

पण या 17 महिन्यांत सगळ्यांची नजर वॉशिंग्टनवर खिळली आणि कर्जाकडे दुर्लक्ष झालं, असं माझं ठाम मत आहे. विलीनीकरण पूर्ण होताना एक्सएमला 13 टक्के व्याजाचे रोखे विकावे लागले. मग मंदी आली, गाड्यांची विक्री कोसळली, आणि नवे ग्राहक तर मुख्यतः नव्या गाड्यांत बसवलेल्या रेडिओतून यायचे. फेब्रुवारी 2009 मध्ये 17 कोटी डॉलरहून अधिक कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा शेअर पाच सेंटच्या आसपास होता. लिबर्टी मीडिया या माध्यम कंपनीने 53 कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं आणि कंपनीचा 40 टक्के हिस्सा मिळवला. घोषणेच्या वेळी 3.70 डॉलरला सिरियस घेतलेल्यांच्या हाती काय उरलं, ते तुम्हीच बघा.

तुमच्याकडे अशाच सौद्यातल्या कंपनीचे शेअर आहेत, म्हणता. परवानगीच्या बातम्या वाचण्याआधी वार्षिक अहवाल उघडा आणि पुढच्या दोन वर्षांत कोणतं कर्ज कधी फेडायचं आहे, ते पाहा.