बिल खणात, शिल्लक कॅशबुकात

प्रश्न : मी कळव्यातल्या आमच्या सोसायटीची खजिनदार. धाकटे दीर गटारांची कामं घेतात. एका नगरपालिकेकडे त्यांचं बिल दोन वर्षं अडकलंय. विचारलं की ‘निधी नाही’. पण तिथल्या वार्षिक हिशेबात तर शिल्लक दिसते! संगणक आले, दुहेरी नोंद आली, मग हा हिशेब काय कामाचा?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, दिरांचं बिल बहुधा हिशेबात शिरलेलंच नाही.

तुमच्या सोसायटीत एखाद्याने मेंटेनन्स थकवला, तरी तो ताळेबंदात ‘येणे’ म्हणून दिसतो. लिफ्टवाल्याचं बिल द्यायचं राहिलं तर ‘देणे’. पालिकांमध्ये वर्षानुवर्षं असं नव्हतं. पैसा आला की जमा, गेला की खर्च. मधलं सगळं अदृश्य. कॅग आणि केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००४ मध्ये शहरी संस्थांसाठी लेखा-पुस्तिका काढली, ती हेच बदलायला. काम झालं की देणं उभं राहिलं, चेक निघो न निघो.

मी ३१ वर्षं लेखा शाखेत काढली, आता नौपाड्यात निवांत आहे. नवी पद्धत आली तेव्हा आम्ही जुन्या अनामत रकमांची यादी करायला बसलो. ठेकेदार वारले, त्यांची बयाणा रक्कम मात्र आमच्याकडे जिवंत! तीन महिने धूळ खाल्ली, पण कोणाचं किती देणं आहे ते पहिल्यांदा कागदावर आलं. म्हणून पद्धतीला मी नावं ठेवणार नाही.

खोट खणात आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलेली बिलं आमच्याकडे आवक क्रमांक न टाकता खणात जायची आणि एप्रिलमध्ये ‘आजच आली’ म्हणून बाहेर निघायची. (मीही ठेवली आहेत. साहेबांचा शब्द.) आवकच नाही तर नोंद कुठून? सॉफ्टवेअर बिचारं जे भरलं तेच दाखवणार. शिवाय शिल्लक दिसते त्यातली बरीचशी ठरावीक योजनेच्या अनुदानाची असते. त्यातून गटाराचं बिल भागवता येत नाही. ‘निधी नाही’ हे त्या अर्थी खरंही असू शकतं.

पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानाला अटच घातली होती : गेल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन हवेत. ते उघडा. एकूण शिल्लक सोडा, ठेकेदारांची देणी किती दाखवलीत ते बघा. आकडा संशयास्पद लहान असेल तर खण भरलेले आहेत.

दिरांना सांगा, बिलाचा आवक क्रमांक आणि एम.बी.त (झालेल्या कामाच्या मोजमाप-वहीत) मोजमाप चढल्याची तारीख माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये, तीस दिवस. अर्जात कार्यादेश क्रमांक घालायला मात्र विसरू नका, नाहीतर ‘माहिती आढळून येत नाही’ एवढ्या एका ओळीवर बोळवण होईल. तसली उत्तरं मीच टाईप करून घ्यायचो.